कठड्यावरचा पक्षी

दिलेला शब्द पाळणं हेच माणसाच्या माणूसपणाचं पहिलं लक्षण, असं जगन्नाथ सबनीसांचं ठाम मत होतं. १९६८ साली साताऱ्याहून अमेरिकेला निघताना त्यांनी वडिलांना "दोन वर्षांत परत येतो" असा शब्द दिला होता, आणि १९८६ सालापर्यंत तो त्यांनी मोडला नव्हता. फक्त मुदत वाढवून घेत होते.

मुदत वाढवून देणारे वडील, आप्पा, मागच्या पौषात गेले. त्या आठवड्यात बर्फाच्या वादळाने बॉस्टनचा विमानतळ बंद होता. तो उघडेपर्यंत धाकट्या भावाने, नंदूने, तिकडे सगळं उरकलं. तेव्हा निदान वर्षश्राद्ध तरी आपल्या हातून व्हावं, असं सबनीसांनी ठरवलं. मुळात काम एवढंच होतं. शनिवारी सकाळी सुरू करायचं, दुपारी जेवून मोकळं व्हायचं.

तिथी खरं तर गुरुवारी येत होती. पण सबनीस राहत त्या श्रूजबरी गावातल्या सगळ्या तिथी शनिवारी येतात. तिथली मराठी मंडळी पाडवाही शनिवारी करतात आणि संकष्टीचा चंद्रही शक्यतो वीकएंडला बघतात. शिवाय भटजी मिळणार तेही शनिवारीच, कारण आठवड्याचे पाच दिवस ते वूस्टरच्या एका हॉस्पिटलात पेशंटांना भूल देत. डॉ. विष्णू बोकील. पौरोहित्य हा त्यांचा हौसेचा विषय. आवाज धीरगंभीर, लय संथ, आणि व्यवसायाचा गुण असा उतरलेला की संकल्प सुटेपर्यंत यजमानाला गुंगी येई.

पिंडदान निम्म्यावर आलं तेव्हा बोकीलांच्या सोवळ्यातून बीपर वाजला. त्यांनी उरलेले मंत्र तिप्पट वेगाने म्हटले आणि बूट चढवता चढवता सांगितलं, "पान मागच्या डेकवर ठेव. कावळा शिवला की जेवायला बसा. मला फोन कर."

डेक म्हणजे घराच्या मागची लाकडी गच्ची. तिच्या कठड्यापलीकडे उतार, उतारापलीकडे गोठलेलं तळं. तापमान शून्याखाली बारा. सबनीसांनी मुंजीत ठेवावं तसं जपून पान ठेवलं. पान म्हणजे कागदी बशी, तिच्यात तीळ घातलेली भाताची मूद. ते सोवळ्यावर टोपीचा जाड कोट, पार्का, घालून उभे राहिले. दहा मिनिटांत मूद दगडासारखी कडक झाली. सबनीसही साधारण तसेच झाले.

कावळा आला नाही. एरवी त्या गल्लीत सोमवारी कचऱ्याच्या पिशव्या फाडायला चाळीस कावळे येत आणि त्यांच्या आरडाओरड्याने शेजारचे लिंडक्विस्ट शिव्या देत उठत. त्या दिवशी एक नाही. बारकाईने ऐकलं तेव्हा सबनीसांच्या लक्षात आलं की नुसते कावळेच नाहीत असं नाही. खारी नाहीत, चिमण्या नाहीत, पलीकडच्या गल्लीतलं कुत्रंही गप्प आहे. तळ्यापर्यंत सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात कसलाही आवाज नाही. कुणीतरी खोलीत आल्यावर बाकीचे बोलायचे थांबतात, तसं.

आता अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे. ती ओळखायची आणि हात जोडून कबूल करायची. बरोबर इच्छा सापडली की कावळा येतो. सबनीस दगड घासायच्या चाकांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. त्यांनी रीतसर सोप्यापासून अवघडाकडे जायचं ठरवलं. आईकडे लक्ष देईन. काही नाही. घरातला वाटा नंदूला लिहून देईन. काही नाही. सिगारेट सोडेन. ही आप्पांना माहीतच नव्हती, पण आता माहीत असणार. काही नाही.

मग कठड्यावर काहीतरी बसलं.

आवाज आला नाही. आधी नव्हतं, मग होतं. सात-आठ वर्षांच्या पोराएवढं उंच वाटावं असं, गर्द तपकिरी, छातीवर कुणी चुना उडवल्यासारखे पांढरे डाग, आणि चोच एवढी मोठी की चेहऱ्यावर दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती. त्याने सबनीसांकडे समोरून पाहिलं नाही. मान डावीकडे वळवली आणि उजव्या डोळ्याने पाहिलं.

आप्पांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. प्रगतिपुस्तक वाचून झालं की ते अगदी अशीच मान वळवून उजव्या डोळ्याने मुलाकडे बघत, आणि काही बोलत नसत. बोलत नसत हेच वाईट होतं.

"येतो," सबनीस म्हणाले. "परत येतो. कायमचा."

पक्षी कठड्यावरून उतरला. बर्फात चार पावलं टाकली. चालणं जड, थोडं डुलत, धोतराचा सोगा सावरत चालावं तसं. एक पाय भातावर ठेवला. मूद बशीसकट उचलली आणि तळ्याच्या दिशेने निघून गेला. मागे बर्फात हातभर लांब एक पीस उरलं. सरकत्या काचेच्या दाराआडून सुलेखाने, सबनीसांच्या पत्नीने, सगळं पाहिलं होतं.

"अहो, काय बोललात त्याला?"

"काही नाही."

"ओठ हलत होते तुमचे."

सबनीसांनी सांगितलं. सुलेखा डेकवर उतरली. मग तिने ते पीस उचललं, स्वयंपाकघरातल्या कपाटात जिथे देव होते तिथे उभं केलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. "चला, जेवून घ्या," ती म्हणाली. एवढ्यावर तिचं मत कळायला मार्ग नव्हता, आणि अठरा वर्षांच्या संसारात सबनीसांना तिच्या गप्प बसण्याचीच सर्वांत जास्त भीती वाटत आली होती. सोळा वर्षांच्या मुलीने, प्रतिमाने, मात्र मत दिलं. "डॅड, यू प्रॉमिस्ड अ बर्ड," ती म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

संध्याकाळी बोकीलांनी फोनवर निर्णय दिला. शास्त्र स्पष्ट आहे. कावळा शिवला असता तर प्रश्न नव्हता. गिधाड शिवलं असेल तर ते अशुभ. सगळं श्राद्ध रद्द, कबूल केलेलंही रद्द, पुढच्या शनिवारी नव्याने करू. पण गरुड शिवला असेल तर मग कावळ्याचं काही राहत नाही. प्रत्यक्ष विष्णूचं वाहन. कबूल केलेलं दुप्पट लागू.

"तर मग कोण होतं ते नक्की कर," बोकील म्हणाले. "आणि यार, तू खरंच जाणार असशील तर तुझा बर्फ उडवायचा स्नो-ब्लोअर दुसऱ्या कुणाला कबूल करू नकोस."

इथून सबनीसांच्या आयुष्यात पक्षिशास्त्र आलं. हौसेने नव्हे. आपण दिलेला शब्द एका गिधाडाला दिला होता, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं. प्रतिमाचं हायस्कूल, स्वतःचं येऊ घातलेलं प्रमोशन आणि मागच्या वर्षी टाकलेलं छप्पर, सगळं एका पक्ष्याच्या जातीवर येऊन थांबलं होतं.

आरंभ उत्साहवर्धक झाला. निवृत्त पोस्टमन लिंडक्विस्ट कुंपणाशी बर्फ उपसत होते. त्यांनी वर्णन ऐकलं आणि गिधाडच, म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या गरुडाचं डोकं पांढरं असतं. प्रत्येक नाण्यावर आहे. ह्याचं पांढरं नव्हतं, म्हणजे गरुड नव्हे. शिवाय तो बसून बघत होता, आणि बसून बघणं हे गिधाडाचं काम. "घरात कुणी वारलंय का?" त्यांनी सहानुभूतीने विचारलं. सबनीस म्हणाले, वडील, वर्षापूर्वी. लिंडक्विस्टनी विचार केला. "मग उशीर झाला त्याला," ते म्हणाले.

पण पक्षी गेला नव्हता. सोमवारी सकाळी दाढी करताना सबनीसांना तो तळ्याकाठच्या वाळलेल्या ओकवर दिसला, घराकडे तोंड करून. मंगळवारीही. बुधवारी त्यांनी दुसऱ्या बाथरूममध्ये दाढी केली, तर तो दुसऱ्या फांदीवर होता. पिसाचंही तसंच. गुरुवारी त्यांनी ते सुलेखाच्या नकळत देवांतून काढलं आणि तळ्याच्या बर्फावर नेऊन टाकलं. शुक्रवारी सकाळी ते सरकत्या दाराला टेकून उभं होतं. वारा तळ्याकडून घराकडे वाहतो, हे खरं. आदल्या दिवसापासून पानही हललेलं नव्हतं, हेही खरं. सुलेखाने दार उघडलं, पीस आत घेतलं, पुन्हा हळदकुंकू वाहिलं.

मध्यंतरी बोकीलांच्या पत्नीने दोघींना सांगितलं आणि आठवडाभरात वूस्टरच्या महाराष्ट्र मंडळात सबनीस परत चालल्याची बातमी पक्की झाली. इथे सबनीसांच्या मनाला खरी इजा झाली. अठरा वर्षं मंडळात राहून, तीन गणपतींचं डेकोरेशन करूनही, एकाही माणसाने "कशाला जाता?" असं म्हटलं नाही. स्नो-ब्लोअरसाठी मात्र तिघांचे फोन आले. नरेंद्र म्हणून नव्याने आलेल्या एका गृहस्थाने तर घरी येऊन गॅरेजचा दरवाजा उघडझाप करून पाहिला. मंडळाने मार्चच्या दुसऱ्या शनिवारी निरोप समारंभ ठेवला आणि छापील पत्रक काढलं. गाण्याचा कार्यक्रमही होता. सबनीसांना वाटलं, आपण गेल्यावर एवढी गाणी म्हणणारच असतील तर निदान आपण रस्त्याला लागेपर्यंत तरी थांबावं.

त्यांनी सरकारी कचेरीत फोन लावला. पक्ष्यांच्या खात्यातल्या माणसाने, त्याचं नाव सबनीसांना शेवटपर्यंत कळलं नाही, एक फॉर्म भरायला घेतला.

पक्षी काय करत होता? बघत होता. कशाकडे? माझ्याकडे. काही खाल्लं का? भात उचलून नेला. किती भात? एक मूद. पलीकडे पेन थांबल्याचं ऐकू आलं. भात पक्ष्याला कशासाठी ठेवला होता?

"तो माझ्या वडिलांसाठी होता."

"वडिलांना मिळाला का?"

"तेच ठरवायचं आहे," सबनीस म्हणाले.

त्या माणसाने बहुधा ते लिहून घेतलं. मग सबनीसांनी पिसाचा उल्लेख केला, आणि त्याचा आवाज एकदम औपचारिक झाला. गरुडाचं पीस परवान्याशिवाय जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, त्याने सांगितलं. तेव्हा ते पीस तुमच्याजवळ आहे का? उत्तर देण्याआधी विचार करा. सबनीसांनी विचार केला. पक्षी कोण हे ठरल्याशिवाय पीस आहे की नाही ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यावर माणसाने त्यांना मिसेस प्रॅट नावाच्या बाईंचा नंबर दिला. त्या दर हिवाळ्यात पश्चिमेकडच्या मोठ्या जलाशयावर गरुड मोजतात, आणि त्यांना फॉर्म लागत नाही.

मिसेस प्रॅट सत्तरीच्या होत्या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेसहाला त्यांनी सबनीसांना जलाशयाच्या फाटकाशी उभं केलं, गळ्यात एक दुर्बीण अडकवली आणि बर्फातून चालायला लावलं. चालता चालता त्यांनी जे सांगितलं त्याने सबनीसांचा एकेक आधार गेला. इथली गिधाडं थंडीला दक्षिणेत जातात. आत्ता एकही नाही. गिधाड उडताना पंख वर उचलून धरतं आणि पतंगासारखं झोके खातं. गरुडाचे पंख फळीसारखे सरळ. आणि पांढरं डोकं जन्मतः नसतं. पिल्लू तपकिरी निघतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंगावर पांढरे ठिपके येतात, डोकं पांढरं व्हायला पाच वर्षं लागतात.

"तोवर त्यांना कुणी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "लोक काहीबाही समजतात. सोनेरी गरुडाशी तर नेहमी घोटाळा होतो. पण त्याच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. ह्यांच्या नडग्या उघड्या."

सबनीसांना उघड्या पिवळ्या नडग्या स्पष्ट आठवत होत्या.

जलाशय आला. दोन्ही काठ धुक्यात होते आणि मधे नुसतं करडं बर्फ. काठाशी उभं राहिल्यावर खालून आवाज आला. लांब, खोल, कण्हल्यासारखा. मग जवळून, मग पार पलीकडून. कुणीतरी बंद घरात जड कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढत न्यावं तसा. सबनीसांनी मिसेस प्रॅटचा हात धरला, आणि लगेच सोडला.

"बर्फ आहे. थंडीने ताणलं की बोलतं," त्या म्हणाल्या. "आणि खाली गाव आहे."

बॉस्टनला पाणी हवं होतं म्हणून जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी धरण बांधलं, तेव्हा ते गाव बुडवलं होतं. घरं पाडली, झाडं तोडली, कबरी खणून दुसरीकडे नेल्या. त्या वेळी मिसेस प्रॅट चोवीस वर्षांच्या होत्या. बर्फावर दूर एका मेलेल्या हरणाभोवती काही काळं काळं हलत होतं. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. "आमचं स्वयंपाकघर तिथे होतं. त्या पाच जणांच्या बरोब्बर खाली."

सबनीसांनी दुर्बीण लावली. पाच जण. पाचही तपकिरी, पाचांच्याही छातीवर चुन्याचे डाग, पाचांच्याही नडग्या उघड्या. आपला कोणता ते शोधत असताना बर्फ पुन्हा कण्हलं, आणि पाचांनी एकाच वेळी मान वर केली. मग, एकापाठोपाठ एक, त्यांनी मान डावीकडे वळवली आणि उजव्या डोळ्याने सबनीसांकडे पाहिलं.

त्यांना दुर्बीण खाली घेता आली नाही. पाच-पाच प्रगतिपुस्तकं एकदम वाचली जात होती.

"सगळेच असं बघतात?" त्यांनी विचारलं.

"डोळे बाजूला असतात. नीट बघायचं तर मान वळवावी लागते."

"भात उचलून नेतात?"

"ह्या वयात काहीही नेतात. काठ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या. एकीला मी हातमोजा नेताना पाहिलंय. शिकत असतात."

"गिधाड असण्याची काही शक्यता?"

"नाही."

"एक टक्का?"

मिसेस प्रॅटनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांनाही मान वळवून बघायची सवय होती, हे सबनीसांच्या तेव्हा लक्षात आलं. ते मग एकदम बोलत सुटले. आप्पा, दोन वर्षं, विमानतळ, शब्द, सगळं. अनोळखी बाईसमोर, शून्याखाली पंधराला. शेवटी त्यांनी विचारलं की तुम्हाला कधी परत जावंसं वाटलं नाही का.

"मी दर रविवारी जाते," मिसेस प्रॅट म्हणाल्या. "फक्त दीडशे फूट वर असते."

मग त्यांनी वहीत लिहिलं: पाच, सर्व अल्पवयीन. आणि दुसऱ्या साक्षीदाराची म्हणून सबनीसांची सही घेतली. सबनीसांनी आयुष्यात अनेक क्वालिटी रिपोर्टांवर सह्या केल्या होत्या. स्वतःला नापास करणारी ही पहिलीच.

घरी आल्यावर त्यांनी सुलेखाला एवढंच सांगितलं, "गरुडच." ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली.

"मग?"

"मग काय. जायचं."

"मला एकदा तरी विचारायचंत," सुलेखा म्हणाली. "अठरा वर्षांपूर्वी विचारलं नव्हतं ते ठीक. तेव्हा मी नवीन होते."

सबनीसांनी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, आता पक्ष्याला वाटलंय ना, मग झालं. आणि पुन्हा चिरायला लागली. त्या दिवसापासून ती सुपरमार्केटमधून रिकामी खोकी आणायला लागली. दिवाणखान्यात भिंतीशी ती एकावर एक चढत गेली, सगळी रिकामी, आणि संध्याकाळी हीटर सुरू झाला की आतल्या आत टकटक वाजत.

सबनीसांनी आईला पत्र लिहिलं. निळ्या आंतरदेशीय वळणाच्या हवाई पत्रावर चारही बाजूंनी, घडीच्या आतसुद्धा. मी परत येत आहे, कायमचा. आप्पांची इच्छा मला उशिरा कळली. कशी कळली तेही सविस्तर लिहिलं, नडग्यांसकट. कारखान्यात त्यांनी साहेबाला सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाला की तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, आणि प्रमोशन शेजारच्या टेबलाला दिलं. ओकवरचा पक्षी त्याच आठवड्यात दिसेनासा झाला. काम झाल्यावर निघून जावं तसा.

निरोप समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. शाल दिली, नारळ दिला. बोकीलांनी भाषण केलं, आणि पुढच्या दोन रांगांना गुंगी आली. सबनीसांनी उत्तरादाखल मातृभूमीबद्दल जे सांगितलं ते ऐकून सुलेखाने पदराने डोळे टिपले. कोणत्या मातृभूमीसाठी, ते त्यांनी विचारलं नाही. परतताना बोकीलांनी सबनीसांच्या घरून आपल्या ट्रकमध्ये स्नो-ब्लोअर चढवून नेला. त्याच आठवड्यात पुन्हा दोन फूट बर्फ पडलं आणि सबनीसांनी ते फावड्याने उपसलं. लिंडक्विस्ट कुंपणाशी उभे राहून बघत होते. त्यांनी गिधाडाबद्दलचं आपलं मत बदललं नव्हतं.

आईचं उत्तर बर्फ उपसताना आलं. सबनीसांनी ते टपालपेटीपाशीच, एका हाताचा मोजा दातात धरून वाचलं.

चि. जगन्नाथ यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. नंदूने मोठ्याने वाचून दाखवले. गरुडाचा फोटो असल्यास पाठवावा, मुलांना हवा आहे. तू परत येतोस हे वाचून बरे वाटले, पण प्रतिमाचे शिक्षण मध्येच सोडवू नये असे मला वाटते, आणि सुलेखाला काय वाटते ते तू लिहिलेले नाहीस. माडीवरची खोली नंदूच्या मंजूने शिवणाच्या वर्गाला घेतली आहे, अकरा मुली येतात, तेव्हा येण्याआधी कळवावे. आप्पांचे काही राहिले असेल असे मनात आणू नकोस. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. नंदू पान खाली ठेवायच्या आत कावळा शिवला. कुणालाच काही कबूल करावे लागले नाही.